ड्रायव्हर किती होते?

घरी पोचले तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. मुंबईत विमान उतरलं, तिथून रात्रीची गाडी धरली, सोलापूर स्टँडवर उतरून रिक्षा केली. आईनं दारातच भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि आधी पायांवर पाणी घालायला लावलं. अप्पा पुढच्या खोलीत पेपर घेऊन बसले होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझे सुजलेले पाय बघितले आणि विचारलं, "ती सव्वीस तासांची गाडी म्हणत होतीस, तिला ड्रायव्हर किती होते?"

"दोन."

"आलटून पालटून?"

"हो. आणि एक क्लीनर पोरगा."

"मग दुसरा झोपायचा कुठं?"

थायलंड, लाओस, व्हिएतनाम असा दीड महिना मी पाठीवर सॅक टाकून फिरून आले होते. पुढचे आठ दिवस जो तो काही ना काही विचारत होता. एकटीच गेलतीस का, खायलीस काय तिकडं, पैसे किती गेले, भीती नाही वाटली? अप्पांचं विचारणं गाडीपासून सुरू झालं आणि गाडीपाशीच राहिलं. आणि मला त्यांच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देता येत होतं, कारण लाओसच्या सीमेवर एका रात्री मी दुसरं काहीच न करता हेच बघत बसले होते.

अप्पा एकोणतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. त्यातली बरीच वर्षं हैदराबादची रात्रीची गाडी त्यांच्याकडं असायची. नळदुर्ग, उमरगा, मग कर्नाटकात हुमनाबाद, पुढं जहीराबाद, आणि पहाटे इमलीबनचा स्टँड. सव्वातीनशे किलोमीटरच्या आत तीन राज्यं. गाडीत निम्मे लोक आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातले, लग्नाकार्याला तेलंगणात निघालेली पद्मशाली विणकरांची कुटुंबं. घरात तेलुगू, कंडक्टरशी मराठी, हुमनाबादच्या चहावाल्याशी कन्नड. लहानपणी मला वाटायचं सगळीकडंच माणसं अशी बोलत असतील. अप्पा सकाळी परत यायचे तेव्हा मी शाळेला निघालेली असायचे. खाकी शर्टाच्या खिशात हात घातला की तळाशी चारदोन फुटाणे सापडायचे, मिठाचे, शर्टाच्या धाग्यांची लव चिकटलेले. ते माझे. फुटाणे खाऊ म्हणून आणलेले असतात असंच मी समजत होते. त्यांचा खरा उपयोग मला कळायला वयाची एकतीस वर्षं आणि लाओसपर्यंतचा प्रवास लागला.

निघायच्या आधी घरात दोन आठवडे शांतता नव्हती. नोकरी सोडली होती, दुसरी धरायला दोन महिने अवकाश होता, आणि आता नाही तर कधीच नाही, हे मला पक्कं कळत होतं. आईचा विरोध तिच्या पद्धतीचा होता. भैय्या चौकात डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे, त्यांच्या घरातच केलेलं. त्या रस्त्यानं जाताना ती स्कूटरवर मागं बसून म्हणाली, "हे पण गेलते तिकडंच. आले का परत?" कोटणीस १९३८ साली चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करायला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच वारले, बत्तीस वर्षांचे असताना. सोलापुरात हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, आणि आम्ही ते अभिमानानं सांगतो. कोटणीसांच्या आईच्या बाजूनं ही गोष्ट मी तोवर कधी ऐकलीच नव्हती. मला उत्तर सुचलं नाही. रात्री आईनं स्वतःच कडक भाकरी करायला घेतल्या. ज्वारीच्या, वर तीळ थापलेल्या, पापडासारख्या वाळवलेल्या. महिनाभर काही होत नाही त्यांना. पंधरा भाकरी, खलबत्त्यात कुटून तेल सुटलेली शेंगाची चटणी पाव किलो. सॅकचं वजन नऊ किलो झालं, त्यात दीड किलो घर होतं.

बँकॉक आणि उत्तर थायलंडबद्दल मी इथं लिहीत नाही. थायलंडच्या टोकाला असलेल्या नाँग खाय गावापासून सांगते. तिथं मेकाँग नदी हीच सीमा आहे आणि नदीवर १९९४ साली बांधलेला मैत्री पूल आहे, सव्वा किलोमीटरला थोडा कमी. थायलंडमध्ये गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात, लाओसमध्ये उजवीकडून. पूल उतरला की लाओसच्या बाजूला रस्त्यांची फुली आहे, तिथं सिग्नलवर थांबून गाड्या बाजू बदलतात. माझ्या मिनीबसनं ती फुली ओलांडली तेव्हा बाकीचे प्रवासी मोबाईलमध्ये होते. मी मात्र खिडकीला नाक लावून बसले होते आणि मनात एकच विचार, हे अप्पांनी बघायला पाहिजे होतं. आयुष्यभर ज्यानं डावी बाजू सोडली नाही, त्याला कसं वाटेल इथं स्टिअरिंग धरून?

व्हिएन्तियान लहानसं, सावकाश गाव आहे. राजधानी वाटत नाही. तिथून हनोईला विमान तासाभरात जातं. मी बसचं तिकीट काढलं. पैसे वाचत होते हे खरंच, पण मला जमिनीवरून सीमा ओलांडायची होती. विमानानं गेलं की एक देश मिटतो आणि दुसरा उघडतो, मधलं काही दिसत नाही. कुठं झाडं बदलली, कुठं घरांची छपरं बदलली, कुठं दुकानावरच्या पाटीतली अक्षरं गोल होती ती लॅटिन झाली, हे गाडीच्या खिडकीतून मिळतं. सोलापूरच्या माणसाला याची सवय असते. विजापूरच्या रस्त्याला लागलं की तासाभरात पाटीवरची अक्षरं गोल व्हायला लागतात.

व्हिएतनामच्या ई-व्हिसावर तुम्ही कुठल्या नाक्यावरून शिरणार त्याचं नाव छापलेलं असतं. माझ्या कागदावर काउ त्रेओ होतं. त्या नावाचं दार सोडून दुसरीकडून जाता येणार नव्हतं.

तिकीट देणाऱ्या माणसानं मला फोटोत जी गाडी दाखवली ती स्टँडवर आलीच नाही. आली ती दुसरीच, बरीच जुनी, आणि प्रवासी चढायच्या आधी तिच्यात माल चढत होता. पोटात पोती, टपावर खोकी, मधल्या वाटेत तांदळाच्या गोण्या आणि एक पंखा. चढताना दारातच चपला काढायच्या, क्लीनर पोरगा प्लास्टिकची पिशवी देतो, चपला त्यात घालून हातात धरायच्या. आत तीन रांगा, खाली-वर बर्थ. पूर्ण झोपता येत नाही आणि पूर्ण बसताही येत नाही, अशा तिरक्या खुर्च्या. पाय ठेवायला पत्र्याचा बंद खोका असतो, तो पुढच्या माणसाच्या पाठीखाली गेलेला. मला वरचा बर्थ मिळाला, शेवटून दुसरा. माझी उंची पाच फूट तीन इंच. तरी अंगठे पत्र्याला टेकत होते. पुढच्या बाईनं कूस बदलली की पत्रा माझ्या अंगठ्यावर वाजायचा. पहिला तास त्याची मला गंमत वाटली. तिसऱ्या तासाला मी पाय बाहेर काढून गुडघ्यात मुडपले, पाचव्या तासाला गुडघे दुखले म्हणून परत आत घातले. नंतर मोजणं सोडलं.

दमणूक कशी येते हे सांगायला हवं. डोळ्यांच्या आधी ती कमरेत येते, मग मानेत, मग घोट्यांत, आणि मग ती अवयवांतून निघून आवाजात जाते. म्हणजे काय, तर पाच-सहा तासांनी आपल्याला बोलायचीच इच्छा राहत नाही. शेजारच्या बर्थवर एक फ्रेंच मुलगा होता. संध्याकाळी सहाला आम्ही एकमेकांना सगळा प्रवास सांगितला. मध्यरात्री त्यानं पाण्याची बाटली माझ्याकडं नुसती सरकवली आणि मी नुसतीच मान हलवून नको म्हटलं.

पाणी नको म्हणण्याचं कारण बायकांना सांगायला नको. लांबच्या गाडीत बायका पाणी पीत नाहीत. ही गोष्ट मला अप्पांनीच सांगितली होती, मी कॉलेजात असताना, अगदी सहज. म्हणाले होते, "हैदराबादच्या गाडीत बाप्ये बेल मारून गाडी थांबवतात. बाई कधी बेल मारत नाही. मग मी आपणच पंप बघून थांबवायचो, हवा बघायची आहे म्हणून." टायरची हवा. एकोणतीस वर्षं त्यांनी किती वेळा विनाकारण टायर बघितले असतील कुणास ठाऊक. मला त्यांच्याबद्दल जे जे वाटतं, त्यात हे सगळ्यात वर आहे.

आमची लाओसची गाडी रात्री अकराच्या सुमाराला अशीच थांबली. पंप नव्हता, दुकान नव्हतं. अंधार, एका अंगाला झाडी, वर भरून चांदण्या. पुरुष गाडीला पाठ करून रांगेत उभे राहिले. आम्ही सात-आठ बायका दुसऱ्या बाजूला गेलो. मी सवयीनं आडोसा शोधत दहा पावलं पुढं गेले असेन. मागून एका म्हाताऱ्या बाईनं माझा दंड घट्ट धरला आणि ओढून रस्त्याच्या कडेला आणलं. ती काही बोलली, मला शब्द कळले नाहीत, पण अर्थ झटक्यात कळला. दोनच दिवसांपूर्वी व्हिएन्तियानमध्ये मी कोप नावाच्या संस्थेचं प्रदर्शन बघितलं होतं. तिथं कृत्रिम हातपाय बसवून देतात. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेनं लाओसवर २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. त्यातल्या क्लस्टर बॉम्बमधून पेरूएवढ्या गोळ्या पसरतात, आणि त्यांतल्या किती तरी फुटल्याच नाहीत. त्या अजून शेतात, झाडीत, ओढ्याकाठी पडून आहेत. लढाई संपल्यानंतर जन्मलेली पोरं त्यांना चेंडू समजून उचलतात. त्या प्रदर्शनात छताला दोऱ्यांनी त्या गोळ्या टांगल्या आहेत, मी त्यांच्याखाली उभी राहून फोटो काढला होता. आणि तरी झाडी बघितल्यावर पाय आपोआप आत वळलेच.

आम्ही रस्त्याच्या कडेलाच बसलो. त्या म्हातारीनं आपला पदरासारखा गुंडाळलेला कापडाचा तुकडा दोन हातांनी पसरून माझ्यासमोर धरला. मग मी तिच्यासमोर धरला. आयुष्यात इतका मोठा आडोसा मला कुणी दिला नाही.

पहाटे तीनला गाडी थांबली आणि इंजिन बंद झालं. लाक साओ मागं पडलं होतं. लाओ भाषेत त्या गावाच्या नावाचा अर्थच 'किलोमीटर वीस' असा आहे. आता नाम फाओचा नाका. पलीकडं काउ त्रेओ. नाका सकाळी सातला उघडतो. चार तास. एसी बंद, दिवे बंद, गाडी माणसांच्या श्वासानं भरलेली. काचेवर बाहेरून धुकं आणि आतून वाफ. काही वेळ मी अंधारात पडून राहिले, मग चपलांची पिशवी उचलून खाली उतरले. नोव्हेंबर होता, डोंगरातली थंडी, भुरभुर पाऊस. पुढं मागं ट्रकांची रांग. मधोमध लोखंडी आडवा बांबू, त्याच्यापुढं दिव्याच्या उजेडात ओला रस्ता, आणि तोच रस्ता पुढं वळून दिसेनासा होत होता. रस्ता एकच होता. मधला बांबू सातला उठणार होता.

मला आज्जी आठवली. अप्पांची आई. तिचं माहेर तुळजापूरकडचं. सोलापूर ते तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर, आता आपण नवरात्रात रात्रीतून चालत जातो. आज्जीच्या लहानपणी सोलापूर इंग्रजांच्या मुलखात होतं आणि तुळजापूर निजामाच्या. मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. गाठोडं सोडून दाखवावं लागायचं. पैसासुद्धा बदलायचा, इकडं कलदार रुपया, तिकडं हाली शिक्का. आज्जी सांगायची, तिचे वडील धोतराच्या एका सोग्याला कलदार बांधायचे आणि दुसऱ्या सोग्याला हाली. आम्हा नातवंडांना ती राजाराणीच्या गोष्टीसारखी गोष्ट वाटायची. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताचं सैन्य सोलापूरकडूनच नळदुर्गच्या रस्त्यानं आत शिरलं, १७ तारखेला निजाम शरण आला, आणि तो नाका गेला. अप्पांनी एकोणतीस वर्षं जो रस्ता रात्री चालवला तो हाच.

माझ्या एका खिशात लाओसचे कीप होते, दुसऱ्या खिशात व्हिएतनामचे डाँग, आणि दोन्ही मिसळू नयेत म्हणून मी रात्रभर खिसे चाचपत होते. ते माझ्या पणजोबांचे दोन सोगे होते.

तेवढ्यात गाडीच्या पोटाचं झाकण वर झालं. मला वाटलं माल काढतायत. आत दोन पोत्यांच्या मध्ये दोरीची झोळी बांधलेली होती आणि तीत दुसरा ड्रायव्हर झोपला होता. आतापर्यंत तो आमच्या पायाखाली, चाकाच्या शेजारी झोपत आला होता. क्लीनर पोरानं त्याला हलवलं. तो उठला, डोळ्यांत पाणी मारलं, आणि पहिल्या ड्रायव्हरनं त्याच झोळीत अंग टाकलं. झोळी अजून गरम असणार. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत.

दुसरा माझ्यापासून चार हातांवर प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसला. पन्नाशीचा असेल. बोटं जाड, उजव्या तळव्यावर अंगठ्याच्या बुडाशी घट्टा. अप्पांना तोच घट्टा डाव्या हाताला आहे, गिअरच्या दांड्याचा. हा स्टिअरिंग डावीकडं असलेल्या देशातला, म्हणून याचा उजव्या. मी त्या हाताकडं एकटक बघतेय हे त्याला कळलं तरी तो काही बोलला नाही. शर्टाच्या खिशातून त्यानं मूठभर सूर्यफुलाच्या बिया काढल्या. एक एक बी दातात उभी धरायची, कट् करून फोडायची, गर आत, टरफल बाहेर. सावकाश, न थांबता. त्याच्या पायाशी टरफलांचा लहानसा ढीग झाला होता आणि गाडीच्या पुढच्या काचेखाली, स्टिअरिंगच्या मागं, आधीच्या रात्रीच्या टरफलांचा मोठा ढीग मी चढतानाच बघितला होता, कचरा समजून.

झोप येऊ नये म्हणून. तोंड चालू राहिलं तर डोळा मिटत नाही. गोळी नको, तंबाखू नको, चहा प्यायला तर थांबावं लागतं. फुटाणे त्यासाठी होते. रात्री दोन ते पहाटे पाच, उमरगा ते जहीराबाद, मागं पंचेचाळीस माणसं मान टाकून झोपलेली, आणि माझे वडील एक एक फुटाणा दाढेखाली धरून त्यांना तेलंगणात नेत होते. उरलेले चार मी खायचे.

मी तिथं उभ्या उभ्या रडले. दमलेलं अंग लवकर रडतं, ते असेल थोडं. पण मी उगीच रडले नाही.

मला एवढंच करता आलं की वर जाऊन भाकरी आणली. दीड भाकरी उरली होती आणि चटणीचा तळ. तुकडे करून पेपरवर मांडले, चटणी मध्ये ठेवली, त्याच्यापुढं केलं. त्यानं तुकडा उलटासुलटा करून बघितला, तिळाकडं बोट दाखवून मान डोलावली, आणि चटणीत बुडवून खाल्ला. मग एकदम हसला आणि "मुओई वुंग!" म्हणाला. तोवर रात्रीची म्हातारीही खाली आली होती. तिनंही चटणी बोटानं चाखली आणि तेच म्हणाली. पुढं हनोईत मला कळलं की तिकडं तीळ भाजून, शेंगदाणे घालून, मीठ टाकून कुटतात आणि चिकट भातावर घेतात, त्याला मुओई वुंग म्हणतात. आमच्या चटणीत लसूण आणि लाल तिखट, त्यांच्यात ते नाही. बाकी कूट तोच. म्हातारीनं वेताच्या डबीतून चिकट भाताचा गोळा काढून माझ्या हातावर ठेवला. आम्ही तिघं धुक्यात उभे राहून खाल्लं. तिखट लागून त्याच्या नाकाला पाणी आलं तरी त्यानं चटणीचा कागद पुसून घेतला.

सातला बांबू उठला. पुढचं सांगण्यासारखं थोडं आहे. लाओसचा शिक्का, मग सॅक पाठीवर टाकून ओल्या रस्त्यानं पायी, मग व्हिएतनामची खिडकी. खिडकीतल्या मुलानं माझ्या कागदावर काउ त्रेओ हे नाव बोटानं शोधलं आणि शिक्का मारला. म्हातारीची पोती उघडून बघायला वेळ लागला. सगळ्यांची तपासणी होऊन गाडी सुटायला साडेनऊ झाले. ती बाई महिन्यातून किती वेळा हा रस्ता करते हे मला विचारायचं होतं, भाषा नव्हती. पण तिनं पोती सोडून परत बांधली ती गाठ बघितली. न बघता, एका हातानं मारलेली गाठ. माझ्यासाठी ही सव्वीस तासांची गाडी आयुष्यातली एक आठवण होणार होती. तिच्यासाठी तो मंगळवार होता.

डोंगर उतरला, भातखाचरं आली, विन्ह आलं, महामार्ग आला. हॉर्न सुरू झाले, लांबलचक, घुमणारे. दिवसाच्या उजेडात अंग जास्त दुखतं. सूज चढली. मी खोक्यातून पाय काढून खिडकीच्या गजावर ठेवले, कुणी काही म्हणालं नाही. हनोईच्या दक्षिणेच्या न्युओक न्गाम स्टँडवर उतरले तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते. उतरताना ड्रायव्हरच्या काचेपाशी गेले. तो मान वळवून मागची गाडी बघत होता, बोलवावं असा क्षण नव्हता. क्लीनर पोरगा ओल्या फडक्यानं टरफलं पुसून काढत होता.

हे सगळं मी अप्पांना सांगितलं. त्यांनी मध्ये मध्ये प्रश्न विचारले. झोळी चाकाच्या पुढं का मागं? घाटात गाडी कुठल्या ड्रायव्हरकडं होती? माल टपावर किती, कारण वळणावर टप जड असला की गाडी बाहेर ओढते. पाऊस होता म्हणतेस, मग ब्रेक कमी मारून इंजिनवर उतरवली असेल. मला माहीत नव्हतं. त्यांनी डोळे मिटून क्षणभर घाट बघितला आणि म्हणाले, "इंजिनवरच उतरवली असणार. नाही तर वास आला असता ना तुला."

फुटाण्यांचं मी बोलले नाही. ते बोलायला जमलं नाही.

गेल्या मे महिन्यात पूर्व भागातल्या एका जुन्या शेजाऱ्यांच्या मुलीचं लग्न हैदराबादला होतं. आईला गुडघ्यामुळं येता आलं नाही. मी आणि अप्पा रात्रीच्या एसटीनं निघालो. मी पुढची सीट घेतली होती, ड्रायव्हरच्या मागची. अप्पा खिडकीशी न बसता वाटेकडं बसले, तिथून रस्ता दिसतो. नळदुर्गला चहा झाला. गाडी चालवणारा पोरगा तिशीतला होता, अप्पांनी त्याला फक्त डेपो विचारला. आपण ड्रायव्हर होतो हे सांगितलं नाही. उमरगा मागं पडलं आणि गाडीतले दिवे गेले.

अप्पा डोळे मिटून बसले होते. झोपले असतील असं वाटलं, पण उजवा पाय जागा होता. समोरून ट्रक आला की तो खालच्या पत्र्यावर हळूच दाबला जायचा आणि ट्रक गेला की सैल व्हायचा. मी हळू आवाजात विचारलं, "अप्पा, रात्री अंधारात हद्द कळायची कशी? तेव्हा तर पाटी पण नीट नसायची."

"आवाजावरनं," ते म्हणाले. "आपला रस्ता संपला की टायरचा आवाज बदलायचा. डांबर वेगळं पडतं ना प्रत्येकाचं."

"आता?"

"आता चौपदरी झाला. ऐक की."

मी ऐकत बसले. मागं कुणी तरी घोरत होतं, कुणाचं तान्हं कुरकुरत होतं, खिडकीची काच खडखडत होती. त्याच्याखाली टायरचा आवाज, एकसारखा. मला काही वेगळं लागलं नाही.

अप्पांनी डोळे न उघडता माझ्या मनगटावर दोनदा बोट वाजवलं. "लागली," म्हणाले, आणि खिशात हात घालून चार फुटाणे माझ्या तळव्यावर ठेवले.